नेपल्सचा की रोमचा?

प्रश्न : हणजुणेत लाकडाच्या भट्टीतला मऊ नेपल्सचा पिझ्झा खावा की पातळ, कुरकुरीत रोमन? घरी केला तर मधोमध ओलाच राहतो.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : बाहेर खाणार असाल तर नेपल्सचाच. ४३० ते ४८० अंशांवर तो ६० ते ९० सेकंदांत भाजतो. पार्सल मात्र नको, खोक्यातल्या वाफेने चिवट होतो. घरचा ओव्हन बहुधा २५० अंशांवर थांबतो, म्हणून घरी रोमनच करा. अर्धा किलो मैद्याला ३०० मिली पाणी पुरे. ओल बहुतेक ताज्या मोझरेला चीजची. फाडून तासभर चाळणीत निथळत ठेवा. बिडाचा तवा ओव्हनमध्येच पाऊण तास तापवून त्यावर भाजा. चोरिस, म्हणजे गोव्याचे खारट डुकराचे सॉसेज, घालणार? (घालाच!) आधी परतून चरबी काढा आणि सॉसमध्ये मीठ कमी टाका.