आधी चढण बघ, मग स्तंभ

अनेक आशीर्वाद.

पानिपतच्या रणभूमीवरून तू लिहिलंस, ‘काला आंबला स्तंभ आणि बाग, बाकी बघण्यासारखं काही नाही.’ हसू आलं. पहिल्या खेपेला मीही तिथे फोटो काढून अर्ध्या तासात परत फिरलो होतो.

रणभूमी जपण्याचं काम खरंच करायचं असेल, तर बेल्जियममधल्या वॉटर्लूची गंमत आधी ऐक. 1815 साली नेपोलियनविरुद्ध लढताना ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने तिथे एका बुटक्या टेकाडाचा आडोसा घेतला. बरीचशी फौज मागच्या उतारावर ठेवली, म्हणजे फ्रेंच तोफांना ती दिसू नये. पुढे नेदरलँड्सच्या राजाला (तेव्हा तो मुलूख त्याचाच होता) आपला मुलगा जखमी झाला तिथे स्मारक हवंसं वाटलं. 1826 पर्यंत सुमारे 40 मीटर उंचीचा मातीचा डोंगर उभा राहिला, माथ्यावर बिडाचा सिंह. माती आणली कुठून? त्याच टेकाडाचा मोठा भाग खरवडून! आज 226 पायऱ्या चढून धापा टाकत वर पोचलं की सगळं मैदान दिसतं. फौज लपली होती तो उंचवटा तेवढा शोधावा लागतो. रणभूमी राखायचा कायदा बेल्जियमने केला 1914 साली.

अमेरिकेतल्या गेटिसबर्गला लोक लवकर जागे झाले. जुलै 1863 ची लढाई, आणि 1864 च्या एप्रिलमध्ये जमीन राखणारी संस्थाही नोंदली गेली. पुढाकार गावातल्याच एका वकिलाचा, डेव्हिड मॅकनॉहीचा. तरी पुढे एका ट्राम कंपनीने तिथले खडक फोडून रूळ टाकलेच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. रणभूमी जपण्यासाठी सरकार भरपाई देऊन खाजगी जमीन घेऊ शकतं, असा निकाल 1896 मध्ये लागला. (वकिली सोडल्याचा तुला पश्चात्ताप होत असेल, तर तो इथे उपयोगी पडेल.)

आता तुझा मेटल डिटेक्टरचा प्रश्न. तूर्त तो विकत घेऊ नकोस. अमेरिकेतल्याच लिटल बिगहॉर्न या जुन्या रणभूमीवर 1983 च्या वणव्यात गवत जळालं, तेव्हा संशोधकांनी तो वापरला खरा, पण प्रत्येक काडतूस कुठे पडलं होतं ते आधी नकाशावर टिपलं. त्यावरून एकेक बंदूक कुठून कुठे सरकली ते उलगडत गेलं. तीच काडतुसं कुणी खिशात घालून नेली असती, तर उरलं असतं नुसतं पितळ.

येत्या 14 जानेवारीला पुन्हा जाशील तेव्हा टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढ-उतार दाखवणारा नकाशा, घेऊन जा. स्तंभाकडे पाठ कर आणि पाणी कुठल्या बाजूला वाहतं ते आधी बघ. मग लिही.