न रडणारं मूल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा साताऱ्याहून फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता, पण गोंधळही होता. "पोरगा मॅनेजर झाला म्हणे, पण लाईटचा की गॅसचा?" म्हटलं, दोन्हीचा, माझ्यासारखाच, इथल्या अमेरिकेतल्या एका गावाचा. त्यावर ती जरा गप्प झाली आणि मग हळूच विचारलं, "म्हणजे सिलेंडरसुद्धा पोचवायचे का गं त्यानं?"

मी हसले, पण तिचं काय चुकलं? आपल्याकडे गॅस म्हणजे सिलेंडर आणि लाईट म्हणजे एमएसईबी. शेवटी तिला मुंबईच्या बेस्टचं उदाहरण दिलं. १९४७ च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेनं कंपनीकडून वीज आणि ट्राम-बस ताब्यात घेतली, तशीच इथल्या गावांनी आपापली वीज ताब्यात ठेवली आहे, फक्त बसच्या जागी गॅसचे पाइप. अमेरिकेत अशी दोनेक हजार गावं-शहरं आहेत. आपल्या आयोवा राज्यातच १३६ गावांची स्वतःची वीज आहे आणि पन्नासेक गावांचा स्वतःचा गॅस. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खासगी कंपन्यांना छोट्या गावात यायला परवडेना, म्हणून गावानंच इंजिन आणून बसवलं. ते आजतागायत चालू आहे. तुझ्या आईला हे पटलं. "म्हणजे गावकीचं काम," ती म्हणाली. मला तीस वर्षांत याहून नेमका शब्द सापडला नव्हता.

आता तुझ्याशी बोलते. तू विजेचा माणूस. खांब, फीडर, सबस्टेशन यांत तुझं मन रमणार, आणि तिथेच मला तुझी काळजी वाटते.

माझे वडील वायरमन होते. रात्री खांबावरचा झंपर (तार जोडणारा तुकडा) उडाला की पाच मिनिटांत दारात माणसं जमायची. इथेही तेच, फक्त माणसांऐवजी फोन. लाईट गेले की गाव ओरडतं. मग गावाच्या वीज-गॅसचा कारभार पाहणाऱ्या ट्रस्टींच्या बैठकीत तोच फीडर, त्याच झाडाच्या फांद्या, त्याच खारी. खारींचं हसण्यावारी नेऊ नकोस. रामसेतूला हातभार लावणारी ती खार इथे ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर, म्हणजे तार आत शिरते त्या चिनी मातीच्या नळीवर, चढून अर्धा मोहल्ला अंधारात घालते. अमेरिकन पब्लिक पॉवर असोसिएशननं त्यासाठी चक्क खारींचा निर्देशांक काढलाय. स्वस्तातलं प्लास्टिकचं टोपण त्या बुशिंगवर बसवलं की काम होतं. ते बसवून टाक आणि पुढे चल.

गॅस मात्र ओरडत नाही. साठ वर्षं चिकणमातीत गंजत पडलेला पोलादी पाइप कुणाला फोन करत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. बजेटचं अगदी तसंच आहे. वीज रडते आणि दूध पिते. गॅस कोपऱ्यात गप्प बसलेलं पोर. मी पहिली पाच वर्षं रडणाऱ्या पोरालाच पाजत होते, हे कबूल करते.

दोघांच्या आजारपणातला फरकही नीट समजून घे. वीज गेली तर फॉल्ट शोधायचा, लाइन साफ करायची, ब्रेकर टाकायचा. एका झटक्यात आठशे घरं उजळतात. गॅसचा दाब एकदा गेला की असं बटण नसतं. आधी प्रत्येक घराच्या मीटरचा कॉक बंद करायचा. एकूण एक. मग पाइपातली हवा काढायची, दाब पुन्हा उभा करायचा, आणि मग प्रत्येक घरात माणूस पाठवून घर तापवायची भट्टी, गीझर, शेगडी एकेक करून पेटवायची. घरात कुणी नसेल तर परत यायचं. २०१९ च्या जानेवारीत ऱ्होड आयलंडमध्ये न्यूपोर्टच्या बेटावर दाब पडला आणि सात हजारांवर ग्राहकांचा गॅस बंद करावा लागला. ऐन थंडीत सगळं पूर्ववत व्हायला जवळपास आठवडा लागला. तुझ्या गावात गॅसचे किती मीटर आहेत? ते पेटवायला पात्रता असलेली माणसं किती? हा भागाकार एकदा कागदावर करून बघ. मी केला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

आता एल्मच्या झाडाची गोष्ट. आमच्याकडे एक ठेकेदार इंटरनेटची केबल टाकायला आला होता. त्यानं रीतसर दोन दिवस आधी ८११ ला, म्हणजे खोदण्यापूर्वी कळवायच्या नंबरला, फोन केला. आमच्या माणसानं जाऊन नकाशाबरहुकूम पिवळे पट्टे मारले. पिवळा म्हणजे गॅस, लाल म्हणजे वीज, हे तुला माहीत आहेच. नकाशा सांगत होता की पाइप फुटपाथच्या कडेपासून चार फुटांवर सरळ जातो. ठेकेदारानं पट्ट्यापासून व्यवस्थित अंतर ठेवून यंत्र घातलं आणि पाइप फाडला.

मी पोचले तेव्हा तो आवाज अख्ख्या गल्लीत भरला होता. गळती म्हटलं की लोकांना फुसफुस वाटते. प्रत्यक्षात जेट विमान उभं असल्यासारखं वाटतं. वास तर जिभेवर बसला होता. आम्ही सहा घरं रिकामी केली, दोन्ही बाजूंनी पाइप पिळून बंद केला. कुणाला खरचटलंही नाही. देवाची कृपा आणि वारा, दोन्ही.

दुसऱ्या दिवशी आमचा निवृत्त फोरमन काठी टेकत आला, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाला, "इथे एल्म होता." पाइप टाकला तेव्हा त्या जागी मोठं एल्मचं झाड होतं. त्याची मुळं चुकवायला गडीमाणसांनी पाइपाला वळसा दिला. नंतर रोग पडला आणि आयोवातली एल्म धडाधड मेली, हेही तोडलं. झाड गेलं, वळसा राहिला. नकाशावर मात्र कुणीतरी पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली होती. ठेकेदाराला आम्ही एक पैशाचा दंड लावला नाही, कारण चूक आमची होती.

त्या फोरमनच्या डोक्यात असे किती वळसे होते कोण जाणे. पुढचे सहा महिने दर मंगळवारी मी त्याला गाडीत घालून गावभर फिरले, तो बोलायचा आणि मी वहीत लिहायचे. मानधन म्हणून त्यानं फक्त पाय मागितला, म्हणजे इथला सारण भरून भाजलेला गोड पाय, रूबार्बच्या आंबट देठांचा. तुझ्या गावातही असा कुणीतरी असेल. निवृत्त झाला असेल तर घरी जा. अजून कामावर असेल तर त्याच्या निरोप समारंभाची वाट पाहू नकोस.

नकाशाची एवढी कटकट का, हे कळायला मॅसॅच्युसेट्समधलं १३ सप्टेंबर २०१८ चं गॅसच्या स्फोटांचं प्रकरण मुळापासून वाच. लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर. तिथे घरांना जाणारा गॅस जेमतेम अर्धा पीएसआय (चौरस इंचाला अर्धा पौंड) दाबाचा होता, आणि दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरच्या मागे उभा होता ७५. रेग्युलेटरला पुढचा दाब किती आहे ते सांगायला एक बारीक नळी असते. बिडाचा जुना पाइप बाद करून प्लास्टिकचा नवीन जोडला, पण त्या बारीक नळ्या जुन्याच पाइपावर राहिल्या. बाद पाइपातला दाब उतरायला लागला. रेग्युलेटर बिचारा समजला की गावात गॅस कमी पडतोय, म्हणून तो आणखी उघडत गेला. अठरा वर्षांचा एक मुलगा गेला, शंभरावर इमारतींचं नुकसान झालं. चौकशीत निघालं काय, तर ज्या विभागाला त्या नळ्यांची माहिती होती त्याच्याकडे तो आराखडा तपासायला गेलाच नव्हता. यंत्रानं सांगितलेलं काम चोख केलं होतं.

म्हणून तुझ्या हाताखाली कुठलाही पाइप बाद होणार असेल तर आराखड्यावर सही करण्याआधी एकच विचार: यावर अजून काय काय लटकलंय? आणि रेग्युलेटर स्टेशनवर खुद्द जा. जानेवारीत, पहाटे पाचला, सगळं गाव भट्ट्या वाढवतं तेव्हा. त्याचा नेहमीचा घूं घूं आवाज कानात बसला की बिघडलेला आवाज तुला कुणी सांगावा लागणार नाही.

पैशाचं आता. गावकीचं काम म्हणजे दर ट्रस्टी ठरवतात, राज्याचा आयोग नाही. पाच माणसं, महापौरांनी नेमलेली, सहा वर्षांची मुदत. ती तुला बाजारात, चर्चच्या दारात, पोराच्या बास्केटबॉलच्या सामन्यात भेटणार. मी सुरुवातीला त्यांना खूश ठेवायला तीन वर्षं दर वाढवलेच नाहीत. टाळ्या मिळाल्या. चौथ्या वर्षी एकदम मोठी वाढ मागावी लागली तेव्हा सभागृहात उभं राहायला जागा नव्हती, आणि एका आजीबाईंनी मला त्यांचं बिल घडी करून हातात दिलं, एक शब्दही न बोलता. ती वाढ त्या तीन वर्षांत थोडी थोडी केली असती तर आजीबाईंना कळलीही नसती. नगर परिषदेचा डोळाही तुझ्या गल्ल्यावर राहणार. दुभती गाय कुणाला आवडत नाही? परिषदेला रस्त्यांसाठी द्यायचं ते ठरवून, टक्क्यात, लेखी दे. दरवर्षी नव्यानं घासाघीस नको.

फेब्रुवारी २०२१ मात्र मी विसरणार नाही. शुक्रवार, १२ तारीख. सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, म्हणून बाजाराच्या रिवाजाप्रमाणे शनिवार ते मंगळवार असा चार दिवसांचा गॅस शुक्रवारी सकाळीच एकगठ्ठा घ्यायचा होता. टेक्सासपर्यंत थंडीची लाट, गॅसच्या विहिरी गोठलेल्या. दहा लाख बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) भाव एरवी तीन डॉलरच्या आसपास. त्या सकाळी आमच्या भागात तो शंभराच्या पुष्कळ पुढे गेला. पुढच्या आठवड्यात ओक्लाहोमात एके ठिकाणी हजारावर पोचला. जास्त घ्यावा तर गाव बुडतं, कमी घ्यावा तर पाइपलाइनवाल्यांचा दंड, आणि बाहेर उणे पंचवीस. मध्य अमेरिकेतल्या कित्येक छोट्या गावांनी त्या चार-पाच दिवसांत वर्षभराच्या गॅसहून जास्त पैसे मोजले.

आम्ही बुडालो नाही याचं श्रेय माझ्या हुशारीला देऊ नकोस. आदल्या ऑगस्टमध्ये आम्ही भूमिगत साठवणुकीत थोडा गॅस भरून ठेवला होता आणि थोड्याचा भाव बांधून घेतला होता. त्या ऑगस्टच्या बैठकीतही मी जवळजवळ माघार घेतली होती. कारण दहा तारखेला डेरेचो, म्हणजे सरळ रेषेत झोडपत जाणारं वादळ, आलं होतं, मक्याची शेतं आडवी झाली होती, खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडले होते, आणि सगळं बजेट, सगळं लक्ष विजेकडे. शेजारच्या गावांतून लाइनमन मदतीला आले होते. मॅनेजर म्हणून मी त्या आठवड्यात काय केलं माहीत आहे? धोबी शोधला. त्यांचे आगरोधक कपडे ब्लीचशिवाय आणि सॉफ्टनरशिवाय धुवावे लागतात, आणि वीज नसलेल्या गावात ते कुठे धुणार? अशा धामधुमीत साठवणुकीच्या भाड्याचा विषय निघाला. एक ट्रस्टी म्हणाले, "ऑगस्टात हीटरचं काय बोलतेस?" दुसरे, निवृत्त शेतकरी, म्हणाले, "गवत उन्हाळ्यातच कापतात." ठराव तीन विरुद्ध दोन असा पास झाला. एका मतानं.

तुझ्या पहिल्या ऑगस्टच्या बैठकीत विजेचा कुठला ना कुठला गोंधळ असणारच. तरी विषयपत्रिकेत गॅस पहिला घाल. माणसं ताजी असतात तेव्हाच.

थकबाकीदारांबद्दल एवढंच: १ नोव्हेंबर ते १ एप्रिल मदतीला पात्र कुटुंबांचं कनेक्शन तोडता येत नाही, आणि पारा २० फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर कुणाचंच नाही. कायदा पुस्तकात आहे. पण २ एप्रिलला तोडायच्या यादीवर सही करण्याआधी ती यादी स्वतः वाच. निदान एक नाव तुझ्या ओळखीचं निघेल.

तुझ्या आईला मी सांगितलंय की सिलेंडर पोचवायचे नाहीत. तिला अजून पूर्ण खात्री नाही.

तुझी,
मावशी

ता. क. बूट घेताना पोलादी चवड्याचे घेऊ नकोस. जानेवारीत पायाची बोटं बर्फ होतात, आणि विजेजवळ धातू नकोच. कंपोझिटचे घे, एक नंबर मोठे, दोन मोजे जातील असे.