ट्रॅकवरचा वर्कआउट पार फसला, स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. परवा तोच पुन्हा मारू का?

नका मारू. आधीच सांगून टाकतो, कारण प्रश्नाचा सूर बघता तुम्ही गजर लावूनच बसला असाल.

तुम्ही दिलेली माहिती अशी. परभणीत राहता. ५००० मीटरचं सध्याचं टायमिंग १७:५०, आणि जिल्हा स्पर्धेत १७:३० काढायचंय. म्हणून १००० मीटरचे पाच रेप (रेप म्हणजे ठरलेलं अंतर एका दमात जोरात पळण्याची एक खेप) ३:३० ने ठरवले, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. प्रत्यक्षात निघाले ३:२४, ३:२५, ३:३६, ३:४७, आणि पाचवा ६०० मीटरवर सोडून दिला. आता विचारताय की दम संपला का आणि केलेली तयारी वाया गेली का.

तुमचा जीव त्या ३:४७ मध्ये अडकलाय. मला मात्र ३:२४ खटकतोय. जरा हिशोब करा. १७:५० म्हणजे किलोमीटरला ३:३४. तुम्हाला हवं असलेलं १७:३० म्हणजे ३:३०. आणि ३:२४ ने पाचही किलोमीटर पळणारा माणूस १७ मिनिटांत संपवतो! आज ३:३४ ची ताकद असलेल्याने पहिले दोन रेप दहा-दहा सेकंद जोरात काढले, तर तिसऱ्या-चौथ्यात पाय दगड होणारच. त्यात नवल काही नाही. पहिल्या रेपला अंग हलकं वाटतं, घड्याळ बघून छाती फुगते, आणि दोन मिनिटांच्या विश्रांतीत तेवढी दमछाक भरून निघत नाही. मी लातूरला सकाळी पोरांना टायमिंग लावतो, तिथे निम्मे वर्कआउट असेच पहिल्याच रेपला फसतात. पोरं मात्र घरी जाऊन शेवटच्या रेपचा शोक करतात.

आता तो ३:४७. तुम्हीच लिहिलंय की तोवर भरतीची पोरं आली, पहिली लेन भरून गेली आणि चौथा रेप तिसऱ्या लेनमधून काढावा लागला. ट्रॅकवर ४०० मीटर मोजतात ते फक्त पहिल्या लेनचे. तिसऱ्या लेनमध्ये एका फेरीला साधारण १५ मीटर जास्त पडतात. अडीच फेऱ्यांत झाले ३५-३७ मीटर, म्हणजे तुमच्या वेगाने सात-आठ सेकंद. ते वजा केले की उरतो ३:३९-४०. हळू आहेच, पण रडण्याइतका नाही. शिवाय मैदान मुरमाचं, पाऊस होऊन गेलेला आणि फक्कीच्या रेघा पुसट झालेल्या. अशा ठिकाणी सिंथेटिक ट्रॅकसारखं टायमिंग येत नाही. (पहिल्या लेनमध्ये चौघं-चौघं हातात हात घालून फिरायला येणाऱ्या मंडळींवर कुणाकडेच उपाय नाही, त्यांना नमस्कार करून पुढे जायचं.)

सुरुवात केली सातला. पाऊस उघडला की मराठवाड्यात ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते परभणीकरांना मी काय सांगणार. सात-साडेसातलाच पाठ भाजते, हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. सहाला, फटफटताना पहिला रेप सुरू झाला पाहिजे.

आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय, 'नवरात्राचे उपवास चालू आहेत, पण साबुदाणा खातो.' अहो, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. साबुदाणा वाईट नाही, तो निव्वळ स्टार्चच आहे. पण दिवसभरात एक बशी खिचडी आणि सकाळी नुसत्या चहावर ट्रॅक, एवढ्यावर १००० चे रेप होत नाहीत. जोरात पळताना शरीर स्नायूंत साठवलेल्या साखरेवर चालतं. तो साठा अर्धवट असेल तर हलकं पळणं निभतं, जोराचं निभत नाही. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, आमच्याही घरी घट बसतात. पण जोराचा वर्कआउट दसऱ्यानंतर ठेवा. तोवर रात्री रताळी, भगर पोटभर खा आणि सकाळी निघण्याआधी केळी किंवा खजूर.

पाचवा रेप सोडला याची लाज वाटते म्हणालात. माझ्या मते त्या सकाळचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच होता. आपल्याकडे भरतीच्या मैदानांवर 'उलटी होईस्तोवर पळ' ही शिकवण फार. १६०० मीटरच्या चाचणीसाठी कदाचित चालून जात असेल, ५००० वाल्याला ती पुढचा आठवडाभर पुरते. सलग दोन रेप ठरवल्यापेक्षा पाच सेकंदांहून जास्त हळू आले की थांबायचं, एवढाच माझा नियम.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेचं उदाहरण तुम्हाला सगळे देत असतील, लहानपणी शाळेत पळत जायचा वगैरे. मला त्याचा २०२३ चा मोसम जास्त कामाचा वाटतो. ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) अंतिम फेरीतही गेला नाही. पुढे सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत ८:१९.५० काढून सुवर्ण घेतलं. सहा आठवड्यांत एवढा नवा दम सहसा तयार होत नाही, तो आधीच अंगात होता. तुमची तर एक सकाळच बिघडलीय.

काळजी कधी करायची? हलकं पळणंही दोन-तीन आठवडे जड जात असेल, सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा जास्त लागत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासून घ्या. शाकाहारी पळणाऱ्यांत लोह कमी पडणं बरंच दिसतं, त्यात जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह नीट लागत नाही. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही.

आता दोन दिवस गप्पा मारत पळता येईल इतकंच पळा. तिसऱ्या दिवशी हलक्या पळण्यानंतर १०० मीटरचे पाच-सहा मोकळे स्ट्राइड, म्हणजे जोर न लावता लांब ढांगांनी वेगात पळणं. दसरा झाला, पोट भरलं की १००० सोडून ८०० चे सहा घ्या. पहिले दोन मुद्दाम २:५३ ने, पुढचे २:५१ ने, म्हणजे तुमच्या आजच्या ३:३४ च्या वेगाने. शेवटच्या एक-दोनमध्ये अंगात असेल तर २:४८ पर्यंत जा, तोच तुमचा १७:३० चा वेग आहे. आणि स्टॉपवॉच धरणाऱ्या मित्राला सांगून ठेवा की रेप संपल्यावर आकडा सांगून उपयोग नाही, दर २०० ला ओरडायचं. पहिल्या २०० ला ४२ च्या आत आलात तर चार शिव्या द्यायचीही त्याला परवानगी द्या.