गॅदरिंगचं गाणं ठरवण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शाळेने यंदाच्या स्नेहसंमेलनातले नाच बसवायचं काम तुला दिलं, हे ऐकून फार बरं वाटलं. तू पाठवलेली गाण्यांची यादीही नीट वाचली. तिसरी-चौथीच्या मुलींसाठी तू जे गाणं धरलं आहेस, त्याबद्दल हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू 'बरं बाई, बदलतो' म्हणून मोकळा झाला असतास. गाणं तर बदलायचंच आहे, पण का बदलायचं हे तुला आतून पटलं पाहिजे. पुढे तुझा स्वतःचा क्लास होईल, तिथे प्रत्येक यादी काही मी बघणार नाही.

त्या गाण्यातली बाई दारूच्या अड्ड्यावर, पुरुषांच्या घोळक्यात नाचते. मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेलं ते गाणं आहे आणि तेवढ्यापुरतं ते असू दे. पण तेच आठ-नऊ वर्षांच्या मुलींवर बसवायचं म्हणजे नेमकं काय बसवायचं, ते बघ. खालचा ओठ दाताखाली धरायचा, बोटाने जवळ बोलवायचं, पाठमोरं होऊन कंबर हलवायची आणि मान वळवून बघायचं. पोरगी हे सगळं चटकन उचलते, कारण तिच्या लेखी त्याला काही अर्थच नसतो. अर्थ कळतो तो समोर खुर्च्यांवर बसलेल्यांना. तिला न कळणारी गोष्ट तिच्याच शरीराकडून मोठ्यांना सांगवून घ्यायची, यातला अन्याय तुझ्या लक्षात यावा म्हणून एवढं लिहिते आहे.

एका शाळेत मी तालमीला बसले होते. दुसरीतली एक मुलगी होती, तालाला अगदी पक्की. बसवणारी ताई तिला म्हणाली, 'इथे एक्स्प्रेशन दे.' मुलीने विचारलं, 'रागाचं की हसायचं?' तिच्याकडे तेवढीच दोन होती. ताईने करून दाखवलं : मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, ओठ पुढे. मुलीने हुबेहूब केलं. दारात डबे घेऊन उभ्या असलेल्या आयांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तरी 'परत कर, परत कर' म्हणून फोन काढला. तिने परत केलं. पुढच्या आठवड्यात ती मधल्या सुट्टीतही तसंच बघत होती, वर्गाचा फोटो काढतानाही. नाचात तिची गिरकी सुंदर होती, पण गिरकीला कोणी टाळी दिली नव्हती. आपल्यातलं काय लोकांना आवडतं, हे ती त्या दिवशी शिकून गेली.

हे नुसतं माझ्यासारख्या म्हाताऱ्या बाईचं कुरकुरणं नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेने या प्रश्नावर एक गट नेमला होता, त्याचा अहवाल २००७ मध्ये आला. दिसण्यावरूनच आपली किंमत ठरते असं मुलीच्या मनावर लहानपणापासून ठसत गेलं, तर त्याचा संबंध पुढे खाण्यापिण्याच्या विकारांशी, खचलेल्या आत्मविश्वासाशी, नैराश्याशी दिसतो, असं त्यात मांडलं आहे. १९९८ चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. कॉलेजच्या मुलामुलींना एकेकटं खोलीत पाठवलं. खोलीत आरसा. कोणाला पोहण्याचा पोशाख घालायला दिला, कोणाला स्वेटर, आणि ते अंगावर असतानाच गणितं सोडवायला सांगितली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं स्वेटरवाल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. मुलांमध्ये तसा फरक पडला नाही. खोलीत बघणारं कोणी नव्हतं, तरी 'मी कशी दिसते' या विचाराने डोक्यातली जागा व्यापली होती. त्या निदान वयाने मोठ्या होत्या. ही सवय आपण तिसरीतच का लावायची?

तू म्हणशील, टीव्हीवर तर रोज हेच चालतं. चालतं, आणि म्हणूनच जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला सगळ्या खासगी वाहिन्यांना लेखी सूचना द्यावी लागली. सिनेमात मोठ्यांनी केलेल्या नाचाच्या स्टेप्स नाचांच्या कार्यक्रमांत लहान मुलांकडून करून घेतल्या जातात, त्या सूचक असतात, वयाला शोभणाऱ्या नसतात, असं त्यात सरळ म्हटलं होतं. गॅदरिंगला ती सूचना लागू नाही, पण सरकारला जे दिसलं ते आपल्याला दिसायला हरकत नाही.

तुझ्याकडची दोन मुलं ऑडिशनला जाणार आहेत म्हणालास. मग त्यांच्या आईवडिलांना बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम समजावून सांग. चित्रीकरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसात पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांपलीकडे काम नाही. मिळालेल्या पैशांतला किमान पाचवा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर ठेवायचा. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला उभं करता येत नाही. 'मला ही स्टेप नको' म्हणायचा हक्क सहा वर्षांच्या पोरालाही आहे. तुझ्या तालमीत तो आजपासूनच असू दे.

आता कपडे. ड्रेपरीवाल्याकडून मोठ्या बायकांच्या मापाचे चमकीचे ब्लाउज आणायचे, ते पाठीत टाचण्यांनी आवळायचे आणि पोरींनी नाचताना एका हाताने गळा धरायचा, असं दरवर्षी कुठे ना कुठे बघते मी. मूल अंगावरचा कपडा सावरत असेल तर तो कपडा चुकलाय, मूल नाही. हे वाक्य पाचवी-सहावीच्या मुलींच्या बाबतीत फार जपून लक्षात ठेव. काहींचं अंग लवकर भरतं, हल्ली तर बरंच लवकर. अशा मुलीला 'तू मागच्या रांगेत जा' किंवा 'ओढणी नीट घे' असं सर्वांदेखत बोललास, तर तुझा हेतू कितीही चांगला असो, तिला एवढंच कळेल की आपल्या शरीरात काही तरी गडबड आहे. पोशाख सगळ्याच मुलींचा ऐसपैस घे, म्हणजे कोणा एकीला वेगळं काढावं लागणार नाही. लाजायला लावून मूल सुरक्षित होत नाही. उलट लाजलेलं मूल खरोखरच काही वाईट घडलं तर कोणाला सांगत नाही.

तू पुरुष शिक्षक आहेस म्हणून थोडं आणखी लिहिते, राग मानू नकोस. कंबर, पाठ, मांडी हाताने धरून स्टेप दुरुस्त करू नकोस; समोर उभा राहून करून दाखव. हात लावावाच लागला तर आधी विचार, 'कोपर वर उचलू का?' मुलग्यांनाही असंच. मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि तो अठराखालच्या मुलामुलींना सारखाच लागू आहे. कपडे बदलायच्या खोलीशी बाईमाणूस ठेव, आत फोन नको. गेल्या वेळी आवाज लावणारी दोन पोरं विंगेतून शूटिंग करत होती म्हणे. शाळेने एकच माणूस शूटिंगला नेमावा आणि बाकीचे फोन बंद, असं मुख्याध्यापकांकडून आधीच जाहीर करून घे. आया नाराज होतील. त्यांना सांग की आपण घरच्या गटावर टाकलेला व्हिडिओ कोण उतरवून घेतो, कुठे चढवतो आणि खाली काय लिहितो, हे आपल्या हातात राहत नाही. अशा रीलखालचे अनोळखी पुरुषांचे शेरे मी वाचले आहेत, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आणि एखाद्या मुलाने आपल्याला कोणी असा त्रास दिल्याचं तुला विश्वासाने सांगितलं तर 'बघू, गॅदरिंग झाल्यावर' असं करू नकोस. पोलिसांना कळवणं कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनचाही नंबर फोनमध्ये ठेव.

एक गोष्ट नाचाबाहेरची. ज्युनिअर केजीतल्या पोराला 'तुझी गर्लफ्रेंड कोण रे?' असं विचारून हसणारे काका प्रत्येक घरात असतात. एकत्र डबा खाणाऱ्या दोन मुलांच्या नात्याला आपण आपल्या मनातलं नाव देतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ती दोघं एकमेकांशेजारी बसायला लाजतात. एक चांगली मैत्री आपण फुकट घालवलेली असते. तुझ्या तालमीत जोड्या लावताना मुलं चिडवतील, तेव्हा तू हसू नकोस.

म्हणजे मुलांपासून सगळंच लपवायचं का? अजिबात नाही. २००७ मध्ये आपल्या राज्यात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती, संस्कृती बुडेल म्हणून. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. शरीराच्या अवयवांची नावं, पाळी, कोणी हात लावला तर काय करायचं, हे मुलांना त्यांच्या भाषेत कळलंच पाहिजे. ते ज्ञान मुलाच्या कामी येतं. ओठ चावण्याची स्टेप मुलाच्या कुठल्याच कामी येत नाही.

लावणीचं विचारलं होतंस. लावणी मला प्राणापलीकडे आवडते, आणि म्हणूनच शृंगाराची लावणी दहा वर्षांच्या मुलीवर लादू नये असं वाटतं. तो शृंगार ज्या बाईने आयुष्य पाहिलंय तिच्या अदाकारीतच खुलतो. मुलींना ढोलकीचाच ठेका हवा असेल तर कवन बदल, गण घे, गोंधळ घे. तिसरी-चौथीच्या मुलींना तर खरं म्हणजे झिम्मा-फुगडीच दे. एकमेकींचे हात घट्ट धरून, मागे झुकून, जोरात फिरायचं. त्यात चेहऱ्यावर काय आणायचं ते शिकवावं लागत नाही. मुलगे लेझीम मागत होते ना? मुलींनाही दे, दोघांचं मिळून एकच पथक कर. सिनेमाचं गाणंही घे की, पावसाचं, शाळेचं, मित्रांचं, पुष्कळ आहेत.

पालकसभेत कोणी म्हणेल, 'सर, जरा ग्लॅमरस काही तरी ठेवा.' वाद घालू नकोस. गाण्याचे शब्द कागदावर लिहून ने आणि मुलीच्या वडिलांनाच ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांग. बहुतेक वेळा दुसऱ्या कडव्याच्या आत कागद परत येतो.

ड्रेपरीवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी नवीन यादी मला पाठव. आणि शनिवारची तालीम सकाळची ठेवलीस तर मी येईन. लेझमीचे हात अजून विसरले नाही.

तुझ्या
बाई