मोह नक्की कोणाला झाला, हव्वेला का आदामाला?

नागपूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. त्या मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'वर, म्हणजे आदाम-हव्वेने मनाई असलेलं फळ खाल्लं त्या गोष्टीवरच्या इंग्रजी महाकाव्यावर, मराठीत प्रबंध लिहून राहिल्या आहेत. टेम्प्टेशनला त्यांनी सगळीकडे 'मोह' लिहिलं आणि फॉलला 'पतन', तर गाईड सरांनी 'मोह'वर लाल रेघा मारून ठेवल्या, म्हणे मोह म्हणजे अज्ञान, ते इथे बसत नाही. ताईंचं म्हणणं, अहो आपण रोज म्हणतोच ना 'मोह आवरला नाही', मग चुकलं काय?

तर ताई, सर संस्कृतातून बोलून राहिले न तुम्ही मराठीतून, त्यामुळे भांडण मिटायचं नाही. सरांची बाजू आधी. मोह आला मुह् धातूवरून, म्हणजे गोंधळणे, भान जाणे. मूढ, मुग्ध, व्यामोह ही सगळी त्याच घरातली मंडळी. षड्रिपूंची यादी आठवा, काम क्रोध लोभ मोह मद मत्सर, त्यात हवंहवंसं वाटणं काम आणि लोभ या दोघांनीच संपवलंय, मग मोह कशाला वेगळा? कारण तो हाव नाहीच, तो डोक्यातला अंधार आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तर क्रमच दिलाय, विषयांचं चिंतन, मग आसक्ती, मग काम, मग क्रोध आणि क्रोधातून संमोह. म्हणजे मोह हा पुढचा स्टॉप आहे, सुरुवात नाही. आणि शेवटी अठराव्यात अर्जुन म्हणतो 'नष्टो मोहः', तेव्हा त्याला काही खायची इच्छा होती ती गेली असं थोडीच आहे!

आता तुमची बाजू. आजच्या मराठीत एकादशीला तर्री पोह्यांच्या ठेल्यासमोरून जाताना जे होतं त्याला मोहच म्हणतात, दुसरं काही म्हणत नाहीत, आणि शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात, धातू नाही. त्यामुळे 'मोह' चूक म्हणणं जरा जास्तच झालं.

पण या विशिष्ट गोष्टीत गंमत अशी आहे की झाडाचं पूर्ण नावच बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचं झाड. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, तिसऱ्या अध्यायात फळ खाल्ल्यावर काय होतं, तर दोघांचे डोळे उघडतात. (फळ कोणतं ते हिब्रू मजकुरात कुठेच नाही, नुसतं फळ आहे. सफरचंद मागाहून चिकटलं, त्याला लॅटिनमधल्या 'मालुम'चा हातभार लागला असं म्हणतात कारण तिथे सफरचंद आणि वाईट हे दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच. ज्यू पंडितांनी अंजीर, द्राक्ष, गहू असे अंदाज केलेत. संत्र्याचा दावा मी नागपूरकर असूनही करत नाही.) आता बघा, आपल्याकडे मोह गेला की ज्ञान होतं आणि डोळे उघडतात, तिथे मोहात पडल्यामुळे ज्ञान होतं आणि डोळे उघडतात. संस्कृत मुरलेल्या माणसाला 'ज्ञानफळाचा मोह' हे 'अंधाराचा उजेड' सारखं ऐकू येणार, सरांचा हात लाल पेनाकडे गेला तो त्यामुळे.

आता तुमच्या आणि सरांच्या दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट. मिल्टनच्या नवव्या सर्गात दोघं एकाच कारणाने पडत नाहीत, आणि तुमच्या प्रबंधात दोघांनाही एकच शब्द आहे. हव्वेचं आधी बघा. साप बोलतो कसा याचंच तिला नवल वाटतं, तर तो म्हणतो मी अमुक झाडाचं फळ खाल्लं तेव्हापासून मला वाचा फुटली. हे बायबलमध्ये नाही, मिल्टनची भर आहे, आणि काय पक्की भर आहे, कारण पुरावा समोर उभा राहून बोलतोय. वर दुपार व्हायला आलेली, फळाचा वास सुटलेला, भूक चाळवलेली, सगळं जुळून आलं. हिला मोह झाला म्हणा हवं तर, पण मला विचाराल तर हिला भुरळ पडली, ही भुलली, साध्या भाषेत गंडवली गेली. उत्पत्तीतही ती देवाला हेच सांगते की सापाने मला फसवलं, तिथलं हिब्रू क्रियापदच फसवण्याचं आहे.

आदामाचं तसं नाही. तो तिच्यासाठी फुलांची माळ करून वाट बघत असतो, ती येऊन काय झालं ते सांगते आणि माळ त्याच्या हातातून खाली पडते, गुलाब कोमेजून सांडतात. त्याला सगळं कळतं. मिल्टन स्वच्छ लिहितो की तो फसला नाही, समजून उमजून खाल्लं, कारण हिच्याशिवाय जगायचं कसं. आता याला काय म्हणाल? हा तर अस्सल आपला मोह आहे, मायामोहातला मोह, 'संसाराचा मोह सुटत नाही' मधला, आप्तांना बघून धनुष्य टाकणाऱ्या अर्जुनाचा. म्हणजे सरांनी जो जुना अर्थ सांगून शब्द खोडला त्याच अर्थाने तो आदामाला चपखल बसतो. हव्वेकडे मात्र 'भुरळ' किंवा 'भुलणे' ठेवा.

'प्रलोभन' चालेल पण ते सापाच्या बाजूचं आहे, दाखवणाऱ्याचं, आमिषासारखं. आमिष म्हणजे मुळात मांस, म्हणून तर निरामिष म्हणतो आपण.

आणखी एक अडचण तुम्हाला पुढे येणारच आहे, ख्रिस्ताच्या प्रलोभनाचा विषय निघाला की. मराठी बायबलमधल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांस परीक्षेत आणू नको' असं आहे, मोहात नाही. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचे, 'पेइरास्मोस'चे, दोन्ही अर्थ होतात, कस पाहणं आणि मोहात पाडणं, मराठी भाषांतरकारांनी इथे पहिला धरला. देव मोहात पाडतो का हा वाद अजून जिवंत आहे बरं, २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जाहीर बोलून दाखवलं होतं की देवच मोहात नेतो असं वाटायला लावणारं भाषांतर चांगलं नाही, आणि नंतर इटालियन प्रार्थनेतले शब्द बदललेही. आपल्याकडे हा प्रश्न कोणाला पडत नाही, मोहिनीचं रूप खुद्द विष्णूने घेतलं आणि असुरांना भुलवून अमृत काढून घेतलं, नेवाशाला त्या मोहिनीराजाचं देऊळ आहे न लोक हात जोडतात.

भुलवणारा कोणी नसलेली गोष्टही तुलनेला घ्या, दीक्षाभूमीसमोरच्या पुस्तकांच्या दुकानांत दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथाचं भाषांतर बघा, त्यातलं अग्गञ्ञ सुत्त. सुरुवातीचे जीव स्वतःच्या तेजाने चमकत असतात, आनंदावर जगतात. मग पाण्यावर पृथ्वीचा रस पसरतो, तापवलेलं दूध निवताना साय धरते तसा, आणि एक लोभी जीव 'हे काय असेल बा' म्हणून बोट लावून चाटतो. झालं, बाकीचेही चाटतात, अंगचं तेज जातं, शरीर जड होतं, मग मी देखणा तू कुरूप सुरू. साप नाही, मनाई नाही, शिक्षा नाही. इथला शब्द तृष्णा आहे, मोह लिहू नका.

आणि कोणी ना कोणी सांगेलच की मोहाची दारू पिऊन भान जातं म्हणून मोह. नाही हो. आपल्या गडचिरोलीकडे पहाटे झाडाखाली पडलेली फुलं टोपल्यांत वेचतात तो मोह आला मधूकवरून, प्राकृतात महुअ, मग मोह. दोन शब्द दिसायला सारखे झाले इतकंच.

राहिलं पतन. ते ठेवा, सरांनीही सोडलंय. फक्त लक्षात असू द्या की उत्पत्तीत 'पडले' असं कुठेच म्हटलेलं नाही, बागेतून हाकललं एवढंच आहे, पतनाची आणि वारशाने आलेल्या पापाची मांडणी पुढच्या ख्रिस्ती विचारवंतांची, त्यात ऑगस्टीनचा वाटा मोठा. कुराणात तर 'खाली उतरा' अशी आज्ञा आहे, आदमची तौबा कबूलही होते आणि पाप लेकरांच्या माथी येत नाही, म्हणून तिथे पतन शब्द जपून. 'अधःपात' नको, तो हळूहळू होतो, दारूने वगैरे. 'स्खलन' अजिबात नको, व्हायव्हाला पोरं हसतील. आणि हव्वेला 'पतिता' तर चुकूनही लिहू नका. 'पतित' म्हटलं की मराठी माणसाला पतितपावन आठवतो, पुढे विठ्ठल उभा असतो, पण त्याचंच स्त्रीलिंग केलं की थेट बदनाम बाई होते, आणि मिल्टनने तिला इतकं वाईट काही म्हटलेलं नाही.