मिसिंग मारतंय? आधी सिलिंडर शोधा, मग नोझलला हात लावा

वाचकांचे प्रश्न : जुनी पिकअप

प्रश्न : बोलेरो पिकअप आहे, जुन्या मेकॅनिकल पंपाची, २५२३ सीसी. उभी असताना इंजिन थरथरतं. वाईतून किराणा भरून पसरणी घाट चढायला लागलं की मिसिंग मारून (सिलिंडर मध्येच पेट न घेता) दम सोडते. गॅरेजवाले म्हणतात, चारही नोझल बदला आणि पंप खोला. करावं का?
– वाई

उत्तर : एवढ्यात नको. जुन्या डिझेल गाडीचा प्रत्येक आजार नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) नावावर खपतो. तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि त्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतील. उभ्या गाडीचं एकसारखं थरथरणं म्हणजे बहुधा एक सिलिंडर काम करत नाही. घाटात लोडवर दम सुटणं म्हणजे बहुधा डिझेल पुरत नाही.

आधी सिलिंडर. इंजिन गरम करून आयडलवर (एक्सिलरेटर न दाबता) ठेवा. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. पंपाकडून नोझलला येणाऱ्या लोखंडी पाइपचा नट नोझलच्या बाजूने अर्धा फेरा ढिला करा (बहुतेक ठिकाणी १७ चा किंवा १९ चा पाना लागतो). नटावर फडकं धरा, पण उडणाऱ्या डिझेलसमोर बोट नेऊ नका. नट ढिला केल्यावर इंजिन आणखी गडगडलं, आरपीएम पडला, तर तो सिलिंडर चांगला. नट आवळा आणि पुढचा घ्या. ज्याचा नट ढिला करूनही आवाजात काडीचा फरक पडत नाही, तो तुमचा चोर. त्याच वेळी नटातून डिझेल कसं येतं तेही पाहा. बाकीच्या तिघांत झटक्याझटक्याने उडतं आणि इथे नुसतं झिरपतं, तर दोष पंपाच्या एलिमेंटचा (दाब देणाऱ्या दट्ट्याचा) किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा. मग नोझल बदलून उपयोग नाही.

डिझेल जोरात येत असेल तर त्या सिलिंडरचं नोझल शेजारच्या चांगल्या सिलिंडरला लावा आणि तिकडचं इकडे. नट ढिला करायची चाचणी पुन्हा करा. मिसिंग नोझलबरोबर सरकलं, तर एकच नोझल टेस्टरवर द्या. धार बारीक तुषारांसारखी फुटली पाहिजे आणि शेवटी टोकाला थेंब लोंबता कामा नये. बसवताना खालचं तांब्याचं वॉशर नवीनच घ्या, आणि जुनं खाली चिकटून राहिलेलं नाही हे टॉर्च मारून बघा. दोन वॉशर एकावर एक बसले की नोझलचं टोक वर राहतं. फवारा चुकीच्या जागी पडतो आणि गाडी धूर ओकते.

नोझल हलवूनही मिसिंग जागचं हललं नाही, तर आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली मोकळी फट) तपासा, ते स्वस्तातलं काम आहे. टॅपेट घट्ट झालं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) निसटतं. मापाचा आकडा, आणि ते गरम इंजिनवर घ्यायचं की थंड, हे तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलप्रमाणेच. त्यानंतर कॉम्प्रेशन. डिझेलसाठी वेगळा गेज लागतो. पेट्रोलचा लावला तर गेज जातो. आकडा साधारण २५ ते ३० बारच्या आसपास येतो, पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक बघा. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गास्केट गेलंय असं समजा. पेट्रोल इंजिनात करतात तसं सिलिंडरमध्ये ऑइल टाकून कॉम्प्रेशन पाहायच्या भानगडीत पडू नका. डिझेलमध्ये पिस्टनवर जागाच इतकी कमी असते की ऑइलने आकडा खोटा फुगतो, आणि ऑइल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

आता घाट. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) लाइन ओढीवर चालते, त्यामुळे तिथे चीर असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. वरून सगळं कोरडं दिसतं आणि म्हणूनच ही चूक सापडत नाही. डिझेलला चालणारी पारदर्शक नळी फिल्टर आणि नोझलला डिझेल देणाऱ्या पंपाच्या मध्ये हातभर लावा आणि इंजिन रेस करा. नळीत मोहरीएवढे बुडबुडे ओळीने पळताना दिसले, तर हवा येतेय. मग ५ लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटपेक्षा उंच बांधा आणि त्यातलं डिझेल फीड पंपाला द्या. उभ्या गाडीत रेस करूनच पाहा, असा कॅन बांधून रस्त्यावर निघू नका. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या लाइनमध्ये: तडकलेली रबरी नळी, ढिला क्लॅम्प, टाकीतली जाळी. कॅनवरही बुडबुडे आले तर हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा पंप), फिल्टरच्या वाटीची रिंग आणि बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर बघा. बुडबुडे नाहीत पण दम सुटतो, तर फिल्टर बदला. आणि एक फुकटची तपासणी: दम सुटला की गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय.

लाइन उघडल्यावर हवा काढायला विसरू नका. फिल्टरचा ब्लीडिंग स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हँड प्रायमर मारा. सेल्फ (स्टार्टर) एका दमात १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, नाहीतर सेल्फचंही बिल येईल.

प्रश्न : मिस्त्री म्हणतो, कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनच्या) पिकअपलाही नट ढिला करून सिलिंडर शोधता येतो. खरं का?
– मिरज

उत्तर : अजिबात करू देऊ नका. तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं. अशी धार कातडीतून आत घुसते, आणि जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. स्कॅनर लावा आणि प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन (कॉम्प्युटर तिथे डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) वाचा. जोडीला रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतोय.

प्रश्न : जुना छोटा हत्ती आहे. थंडीत पहाटे बेदाणा भरायला निघताना दोन-तीन मिनिटं धडधडतो, पांढरा धूर सोडतो, मग सुरळीत. सोडून द्यावं का?
– तासगाव

उत्तर : सोडू नका, पण घाबरायचंही कारण नाही. हे ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आहे. एक रुसला की निम्मी ताकद गेली. धुराचा वास घ्या. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असेल तर पहिला संशय हीटर प्लगवर (थंडीत सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगवर). दोन्ही प्लगना जोडणारी पट्टी काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २१ वॅटच्या बल्बमधून वायर एकेका प्लगच्या टोकाला लावा. बल्ब पेटला नाही तर तो प्लग तुटलाय. दोन्ही पेटले तर रिले आणि पट्टीपर्यंत करंट येतो का ते मोजा. डिझेलचा वास नाही, धूर वाफेसारखा आणि रेडिएटरचं पाणी रोज घालावं लागतंय, तर हेड गास्केटकडे वळा. एक लक्षात ठेवा: वर सांगितलेली नटाची चाचणी इथे करताना आयडल थोडं वाढवा. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला झाला की हे इंजिन बंदच पडतं.

प्रश्न : माल वाहायला जुनी कार्बोरेटरची ओमनी वापरतो. पावसात मिसिंग मारते, उन्हात ठीक.
– कराड

उत्तर : करंट गळतोय. अंधारात बॉनेट… म्हणजे ओमनीत सीटच उचला, आणि चालू इंजिनच्या प्लग वायरींवर व डिस्ट्रिब्यूटर कॅपवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. वायरींना हात लावू नका. जिथे निळी ठिणगी बाहेर उडेल तिथे दोष. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर घासत बसू नका, कॅप बदला. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा.

प्रश्न : नोझल साफ करणारं औषध डिझेलमध्ये ओतलं तर मिसिंग जाईल का?
– इस्लामपूर

उत्तर : नोझलच्या टोकाला नुसता मळ असेल तर थोडा फरक पडेल. हवा, टॅपेट, कॉम्प्रेशन किंवा झिजलेल्या नोझलवर त्याचा काही उपयोग नाही. त्या पैशात आधी नवीन डिझेल फिल्टर घ्या.