जोडीदार टीमचा रोबो बंद पडला म्हणून आमची मुलं हरली. रोबोटिक्स स्पर्धेत एकास एक सामने का ठेवत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या टीमचा रोबो नीट चालत होता, पण सोडतीत मिळालेल्या जोडीदाराचा, म्हणजे तिच्याच बाजूने खेळणाऱ्या दुसऱ्या टीमचा, रोबो मैदानातच बंद पडला. दोनच सामने होते, दोन्ही गेले. नागपुरात शाळेच्या मुलांची टीम मी सहा वर्षं सांभाळतोय, त्यामुळे ती चरफड मला ठाऊक आहे. तरी मला वाटतं, खोट जोडीदार देण्यात नाही, सामने कमी ठेवण्यात आहे.

हिशेब करून बघा. समजा २४ टीम आहेत. एकास एक नॉकआउट ठेवलं तर एक वायर निखळली की सहा महिन्यांची मेहनत दोन मिनिटांत संपते. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं तर २७६ सामने होतात. एवढा वेळ कोणाकडे आहे? दोन विरुद्ध दोन असं खेळवून प्रत्येक टीमला पाच सामने दिले तर एकूण ३० होतात. सहा मिनिटांना एक धरला, तर तीन तासांत आटोपतात. पाच सामन्यांत बहुतेक पाच वेगळे जोडीदार मिळतात. एखादा कच्चा निघाला तरी पुढे भरून काढता येतं. तुमच्या मुलीला ती संधीच मिळाली नाही, अन्याय झाला तो तिथे.

व्हेक्स आयक्यू या शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेतली पद्धत मला यासाठी आवडते. दोन टीमचे रोबो ६० सेकंद एकत्र खेळतात, समोर प्रतिस्पर्धी नसतोच, आणि होतील तेवढे गुण दोघींनाही मिळतात. क्रमवारी सरासरीवर लागते, पण दर चार सामन्यांमागे सगळ्यांत कमी गुणांचा एक सामना त्यातून वगळतात. म्हणजे एखाद्या वेळी जोडीदाराची बॅटरी दगा देणार, हे नियम करणाऱ्यांनी आधीच धरलेलं आहे. शिवाय तिथे एका मुलाला ३५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ रिमोट धरता येत नाही, दुसऱ्याकडे द्यावाच लागतो. आमच्याकडे नेहमी एकच हुशार मुलगा चालवायचा आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. या एका नियमाने ते बंद झालं.

मोठ्या मुलांच्या व्हेक्स व्ही५ मध्ये दोन विरुद्ध दोन लढत असते. तिथे क्रमवारीतली बरोबरी सुटावी म्हणून जे गुण मोजतात, त्यांतले काही हरलेल्या बाजूने सामन्यात केलेल्या गुणांवरून ठरतात आणि दोन्ही बाजूंना मिळतात. त्यामुळे समोरच्याला शून्यावर चिरडून जिंकणाऱ्याचा फायदा होत नाही. मुलं ज्याचे गुण मिळतात तसंच वागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय.

आता जोडीदाराबद्दल. पहिल्या वर्षी आमच्याशीही तुमच्यासारखंच झालं. पुढच्या वर्षीपासून सामन्याच्या आधी आमची मुलं जोडीदाराच्या टेबलावर जाऊ लागली. सोबत बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) आणलेली पेटी असते: केबल टाय, जास्तीचे कनेक्टर, चार्ज केलेली बॅटरी. एकदा उमरेडकडच्या एका टीमला आमच्या मुलीने विचारलं, "सुरुवातीला तुमचा रोबो आपोआप कुठे जातो?" दोन्ही रोबो एकाच कोपऱ्याकडे निघणार होते, म्हणजे टक्कर नक्की. त्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये पाच सेकंदांचा थांबा टाकला. तो सामना आम्ही जिंकलो, आणि त्या टीमचा एक मुलगा दिवसभर आमच्याच टेबलाभोवती होता. एकास एक सामन्यात या दोन टीम एकमेकींशी बोलल्याच नसत्या.

पुढच्या वेळी फी भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा: प्रत्येक टीमला कमीत कमी किती सामने मिळणार, आणि गुण सारखे झाले तर क्रम कशावर ठरणार. चारपेक्षा कमी सामने म्हणाले तर वाढवून मागा. बाकीच्या पालकांनाही सोबत घ्या, चार-पाच शाळांनी मिळून म्हटलं तर वेळापत्रकात जागा निघते. आम्हाला अशीच मिळाली होती.